सासूबाईंचा पिसातला मुक्काम

पिसात एक रात्र मुक्काम करायचा, हे वाक्य आमच्या लिव्होर्नोत मोठ्यानं बोलायचं नसतं. मी ते जिन्यात बोललो. माझा आवाज मुळातच कचेरीतला. पाणी खात्याच्या तक्रारखिडकीमागे उभी हयात गेली, काचेपलीकडच्या माणसाला ऐकू जाईल असंच बोलायची सवय. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

तसं पिसा आमच्यापासून लांब नाही. आगगाडीत बसून वर्तमानपत्राचं खेळाचं पान संपेपर्यंत पिसा येतं. पण दारात पिसाचा माणूस उभा राहण्यापेक्षा घरात मयत झालेली बरी, ही म्हण आमच्याकडे पोरं शाळेत जायच्या आधी शिकतात. आमच्या बिल्डिंगमधलं कुणी पिसात झोपलं असेल, तर ते तिथल्या इस्पितळात, तेही भूल दिल्यावर. आपखुशीनं, पदरचे पैसे देऊन तिथं झोपायला जाणारा मी पहिलाच.

कारण होतं आमची आंब्रा. पोरगी पिसाच्या विद्यापीठात शिकते, रोज जाऊन-येऊन. शिक्षण जरा लांबलं. एका परीक्षेनं तिला तीनदा परत पाठवलं आणि तेव्हापासून ती फार जपून वागायला लागली. त्या गावातला तो कलता मनोरा बघायला जग लोटतं, पण इतकी वर्षं तिथं जाऊन आंब्रानं त्याच्या पायरीला पाय लावलेला नाही. पदवीच्या आधी जो विद्यार्थी मनोरा चढतो त्याला पदवी मिळत नाही, अशी तिथल्या पोरांची पक्की समजूत आहे. आम्ही लिव्होर्नोचे लोक असल्या गोष्टी मानत नाही. पण तीही चढली नाही आणि आम्हीही तिला कधी चढ म्हटलं नाही.

तर आता जुलैतल्या शुक्रवारी, सकाळी साडेआठला, तिनं परीक्षकांपुढे प्रबंध मांडायचा होता. मग अध्यक्षांनी उभं राहून तिला दोत्तोरेस्सा म्हणून जाहीर करायचं, की झाली ती पदवीधर. मग डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट आणि लाल रंगाचे साखरबदाम. आमच्या घराण्यात पहिल्यांदाच कुणाच्या डोक्यावर ती पानं जाणार होती. एरवी ती माशांच्या रश्श्यात जातात.

आणि नेमका त्याच शुक्रवारी संप जाहीर झाला. आगगाड्या बंद, बसही बंद. राहिली आमची मोटार. पण पिसाच्या जुन्या गावात बाहेरच्या मोटारींना बंदी; कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे. मोटार गावाबाहेर लावायची आणि पुढे चालायचं. ते आम्हाला जमलं असतं, पण माझ्या सासूबाई आर्जिया यांच्या गुडघ्यांना जमणार नव्हतं.

"मग त्यांना नेऊ नका," असं कुणी म्हणेल. म्हणून बघावं. आंब्राचा प्रबंध कशावर होता माहीत आहे? पिसाचं जुनं बंदर गाळानं कसं भरलं आणि समुद्र त्यांना सोडून कसा निघून गेला, यावर. सासूबाईंना हे कळलं त्या दिवसापासून त्यांनी औषधं वेळेवर घ्यायला सुरुवात केली.

"त्यांच्या घरात जाऊन, त्यांच्याच तोंडावर, माझी नात सांगणार की बाबांनो, तुमचा समुद्र गेला," त्या म्हणायच्या. "आणि वर ते तिला दोत्तोरेस्सा म्हणणार. हे कानांनी ऐकल्याशिवाय मी मरायची नाही. नंतर मग बघू."

तेव्हा माझी बायको फियोरेल्ला म्हणाली, "गुरुवारी दुपारीच जाऊ. सभागृहाजवळ एखादं स्वस्त हॉटेल बघ. आईला हळूहळू नेऊ, रात्री राहू, सकाळी दोन पावलांवर कार्यक्रम."

बोलणं साधं, सरळ होतं. फक्त एक अडचण होती. सासूबाईंनी तरुणपणी शपथ घेतली होती की पिसात कधी झोपणार नाही. का घेतली ते कुणालाच ठाऊक नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कारण लागतं सवयीला. शपथेला कशाला लागतं?"

मी हॉटेल शोधायला लागलो. जुन्या गावाच्या पोटात, आणि तेही आमच्या खिशाला परवडेल असं. शेवटी नदीकाठी 'जुना मनोरा' नावाचं दोन ताऱ्यांचं एक हॉटेल सापडलं. नावात मनोरा आहे हे मी पाहिलं होतं, नाही असं नाही. पण पिसात सलूनच्या नावातही मनोरा असतो आणि चपलांच्या दुकानाच्या नावातही. मी फोन लावला. मालक उबेर्तो म्हणून गृहस्थ होते. अगदी गोड बोलले, मी गावाचं नाव सांगेपर्यंत.

"लिव्होर्नो," मी म्हणालो.

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"म्हणजे इथलं, शेजारचं?"

"एकच आहे."

"का हो, घर पडलं का तुमचं?"

मी खिडकीमागचा माणूस. लोकांचे टोमणे गिळण्याचा मला पगार मिळतो. मी शांतपणे दर विचारला. खालच्या खोल्या महाग होत्या. वरच्या मजल्यावरच्या मात्र जवळजवळ निम्म्या दरात.

"का बरं?"

"लिफ्ट नाही. पण नदी दिसते हो वरून छान."

मी सासूबाईंसाठी पहिल्या मजल्यावरची एक आणि आमच्यासाठी वरच्या दोन, अशा खोल्या धरल्या. फियोरेल्लाला सांगितलं, नदी दिसते. स्वस्त पडल्याचं मी तिला मुद्दाम सांगितलं नाही, कारण स्वस्त मिळालं की तिला लगेच काहीतरी खोट दिसते. तिला नेहमीच दिसते, आणि नेहमीच असते.

इकडे शेजाऱ्यांनी आमचं दुःख वाटून घ्यायला सुरुवात केली. खालचे दानिलो जहाजावर आचारी होते. सगळं जग फिरून आलेले, पिसा सोडून. ते रोज संध्याकाळी दाराशी गाठून मला नवा सल्ला द्यायचे.

"पाणी घरून ने. आणि पलंगावर कडेला झोपू नकोस, इव्हानो. त्या गावात काही सरळ नसतं, रात्रीतून घरंगळशील."

"एक रात्र आहे, दानिलो."

"बुडायला एक रात्र पुरते. मी जहाजावर होतो, मला विचार."

वरच्या योलेबाईंनी तर फियोरेल्लाचा हात हातात घेऊन, काही गरज पडली तर रात्री केव्हाही फोन कर, असं सांगितलं आणि लाल साखरबदामांची भलीमोठी पिशवी दिली. "तिथं विकत घेऊ नका," त्या म्हणाल्या. "त्यांना आपले पैसे कशाला?" ती पिशवी पुढे कामाला आली.

सासूबाईंच्या शपथेसाठी मी आमच्या चर्चच्या पाद्रींकडे गेलो. म्हटलं, धर्माचा माणूस आहे, काहीतरी पळवाट काढेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शपथ झोपण्याची आहे, आडवं होण्याची नाही. त्यांनी आडवं व्हावं."

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आडवं झालं की झोप येते, हे त्या पाद्रीला प्रवचनात कळलं नाही का? त्याच्यापुढे तर अर्धी वस्ती बसल्या बसल्यासुद्धा झोपते." थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "जावई, मी येते. पण झोपणार नाही. रात्रभर बसून राहीन." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभसुद्धा अजून शाबूत होता.

म्हटलं, सुटलो. तर उबेर्तोंचा फोन. "सगळ्यांची ओळखपत्रं आणा. त्याशिवाय खोली देता येत नाही, पोलिसांना कळवावं लागतं."

सासूबाईंचं ओळखपत्र काढलं. मुदत केव्हाच संपलेली. त्यातला फोटो इतका जुना की त्यात त्या माझ्यावर अजून नाराज दिसत नव्हत्या.

ओळखपत्राच्या कचेरीत गेलो. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी सगळ्या गावाला तेच सुचलेलं, त्यामुळे पुढची तारीख ऑक्टोबरातली. मी म्हणालो, तातडीचं आहे. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, कारण? मी आजूबाजूला बघितलं आणि जमेल तितक्या हळू म्हणालो, "पिसात मुक्काम." जमेल तितक्या हळू म्हणजे मागची रांग संपेपर्यंत गेलं ते. बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि आतल्या माणसांना हाक मारली. "अरे, इकडे या. हे म्हणतात पिसात राहायला तातडीनं जायचंय." ते सगळे बाहेर येऊन मला बघून गेले. आयुष्यभर मी काचेच्या आतल्या बाजूला बसलो. बाहेरच्या बाजूला कसं वाटतं ते मला त्या दिवशी समजलं, आणि मुळीच आवडलं नाही.

मग बाईंनी माझं नाव वाचलं. "लेन्झी? पाणी खात्यातले? माझ्या नळाला वसंतापासून धार नाही. तक्रार तुमच्याच टेबलावर आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या नळाला पाणी आलं आणि सासूबाईंना तारीख मिळाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी कुठंही सांगायला तयार आहे. फोटो काढताना माणूस म्हणाला, हसायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "पिसाला जायचंय बाळा, हसणार कोण?"

गुरुवारी दुपारी निघालो. सगळी बिल्डिंग दारात. दानिलोंनी आपल्या कुंडीतली लॉरेलची पानं तोडून, बायकोकडून मुकुट गुंफून आणला होता. तो फियोरेल्लाच्या मांडीवर, साखरबदाम आंब्राच्या पायाशी आणि सासूबाई पुढच्या सीटवर, पर्स दोन्ही हातांनी धरून. मोटार गावाबाहेर लावली. ऊन मी म्हणत होतं. पूल ओलांडताना सासूबाई प्रत्येक बाकावर बसल्या आणि प्रत्येक बाकाला नाव ठेवून उठल्या. कसंबसं हॉटेलपाशी पोचलो.

दगडी, उंच, अरुंद इमारत. जुन्या काळातला खराखुरा मनोरा. आत हॉटेल काढलेलं. आंब्रा दाराशी येऊन थांबली. मान वर करून तिनं शेंड्यापर्यंत बघितलं.

"बाबा, हे काय आहे?"

"हॉटेल."

"हा मनोरा आहे."

"होता. आता हॉटेल आहे. दोन तारे आहेत त्याला."

"पिसातला मनोरा," ती म्हणाली. "आणि माझी पदवी उद्या आहे."

मी हसलो. त्या दिवसातलं माझं ते शेवटचं हसू. मी तिला समजावलं की ती समजूत त्या दुसऱ्या मनोऱ्याची आहे, कलत्या. हा तर ओळंब्यात सरळ आहे. ती म्हणाली, त्या पोरांनी कलता असं कुठं म्हटलंय, मनोरा असं म्हटलंय. मी म्हणालो, तू चार-पाचशे वर्षांच्या गाळाचा अभ्यास केलेली मुलगी आणि असल्या गोष्टी मानतेस? ती म्हणाली, "मानत नाही. पण एका परीक्षेत तीनदा नापास झालेय बाबा, आता काही न मानून बघायची माझी हिंमत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग मी मालकांकडे वळलो. म्हटलं, सुशिक्षित माणूस आहे, चार शब्द समजुतीचे सांगेल. उबेर्तो बारीक मिशीचे, बनियनवर जाकीट घातलेले गृहस्थ. त्यांनी आंब्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मुलगी बरोबर बोलतेय," ते म्हणाले. "मीही चढलो नसतो. पदवीच्या दिवसांत पोरांच्या घरचं कुणी वरच्या खोल्या घेत नाही. उगाच का निम्म्या दरात दिल्या?"

फियोरेल्लानं माझ्याकडे सावकाश मान वळवली. "निम्म्या दरात," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली की बाकीचं मी मनातल्या मनात ऐकू शकतो.

"पण मग हे तुम्ही फोनवर का नाही सांगितलं?" मी उबेर्तोंना विचारलं.

"तुम्ही लिव्होर्नोचे. मला वाटलं, तुम्हाला पदवीचं काय काम असणार."

हे ऐकून सासूबाईंनी पर्स खाली ठेवली. वाटेत ती त्यांनी एकदाही खाली ठेवली नव्हती.

"ही माझी नात," त्या म्हणाल्या. "उद्या ती तुमच्या लोकांना सांगणार आहे की तुमचा समुद्र कुठं गेला."

"समुद्र कुठं गेलेला नाही, बाई. नदीनं गाळ आणला. निसर्गाची गोष्ट आहे."

"तुम्हाला ठेवता आला नाही, म्हणून तो आमच्याकडे आला. खुर्ची आहे का इथं एखादी?"

दोन खुर्च्या आल्या. सासूबाई झोपणार नव्हत्या, आंब्रा चढणार नव्हती; तेव्हा दोघी खालीच, स्वागताच्या मेजाशेजारी ठाण मांडून बसल्या. तीन खोल्यांचं भाडं मी भरलं होतं आणि त्यातल्या दोन मोकळ्या राहिल्या. आम्ही नवरा-बायको वर जाऊन नदी बघितली. नदी नदीसारखीच होती. पलंगाच्या मधोमध झोपलो, दानिलोंनी सांगितल्याप्रमाणे.

सकाळी खाली आलो तर सासूबाई ताठ बसलेल्या, डोळे टोमॅटोसारखे लाल. "डुलकीसुद्धा नाही," त्यांनी मला सांगितलं. "विचार त्याला." मेजामागे उबेर्तो गालाला हात लावून बसले होते. आंब्रानं रात्री प्रबंध पुन्हा पुन्हा म्हणून दाखवला आणि प्रत्येक वेळी गाळाशी आलं की सासूबाई आणि उबेर्तो भांडत. चार वेळा उबेर्तोंनी कॉफी केली, असं आंब्रा म्हणाली. पहाटे तेच तिला अवघड प्रश्न विचारत होते आणि उत्तर चुकलं की सासूबाई त्यांनाच रागावत होत्या. निघताना उबेर्तोंनी मोकळ्या राहिलेल्या दोन खोल्यांचं भाडं परत देऊ केलं. मी ते घेतलं नसतं, पण फियोरेल्लानं घेतलं.

सभागृह भरलेलं, उकाडा भयंकर. छतावरचा पंखा नुसता दाखवायला. सासूबाईंना पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. समोर झगे घातलेले परीक्षक. त्यांचे अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या भुवयांचे एक वयस्कर प्राध्यापक, अस्सल पिसाचे. आंब्रा उठली. "पिसाचं बंदर..." तिनं सुरुवात केली.

आणि सासूबाई झोपल्या.

बसल्या बसल्या, पर्स मांडीवर, हनुवटी छातीवर. ज्या वाक्यासाठी त्या सहा महिने औषधं घेत होत्या, रात्रभर जागल्या होत्या, ते वाक्य त्यांच्या डोक्यावरून निघून गेलं. मी कोपर लावलं. काही नाही. जरा जोरात लावणार तोच फियोरेल्लानं माझा हात धरला. "राहू दे," ती पुटपुटली, "दचकून उठली तर ओरडेल." समुद्र गेला, गाळ आला, आमचं गाव वर आलं, सगळं आंब्रानं सांगितलं, एकदाही न अडखळता, आणि अधूनमधून पहिल्या रांगेतून एक बारीकसं घोरणं येत राहिलं. मला पोरीचा अभिमान वाटत होता आणि सासूबाईंसाठी जीव तुटत होता.

परीक्षक आत गेले, परत आले. सगळं सभागृह उभं राहिलं. आता अध्यक्ष तो शब्द म्हणणार, सभागृह दणाणणार आणि आमच्या सासूबाई भर पिसात झोपलेल्या सापडणार, सगळ्यांसमोर.

प्राध्यापकांनी कागद उचलला. तोंड उघडलं. मग त्यांची नजर पहिल्या रांगेवर गेली. सगळे उभे आणि मध्ये एकच म्हातारी बसलेली, मान खाली. त्यांनी आंब्राकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, "माझी आजी. रात्रभर जागी होती, माझ्यासाठी."

प्राध्यापकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्या सभागृहाकडे एकदा भुवया उंचावून बघितलं. पोरं गप्प झाली. मग त्या माणसानं, पिसाच्या त्या माणसानं, पुढे वाकून, एखाद्या घरात लेकरू निजलेलं असावं अशा आवाजात ते सगळं वाक्य म्हटलं. विद्यापीठानं दिलेल्या अधिकारानं वगैरे वगैरे, शेवटपर्यंत. दोत्तोरेस्सा आंब्रा लेन्झी. लोकांनी टाळ्यासुद्धा बोटांनी वाजवल्या. मी इतका हळू आयुष्यात कधी रडलो नव्हतो.

फियोरेल्लानं पोरीच्या डोक्यावर दानिलोंचा मुकुट ठेवला. पानं सळसळली, आणि त्या सळसळीनं सासूबाईंनी डोळे उघडले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, आजी," आंब्रा त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "तू..."

"मी झोपले नव्हते. डोळे मिटून ऐकत होते."

"हो तर," मी म्हणालो. "काय म्हणाले मग ते?"

सासूबाईंनी नातीच्या डोक्यावरची पानं नीट केली. एक क्षण त्यांनी माझ्याकडे बघितलं, एक क्षण त्या प्राध्यापकांकडे.

"पुटपुटला काहीतरी," त्या म्हणाल्या. "लिव्होर्नोच्या पोरीला दोत्तोरेस्सा म्हणायची वेळ आली की यांचा आवाज बसतो."

मग माझा हात धरून त्या उठल्या, योलेबाईंच्या पिशवीतून मूठभर लाल साखरबदाम काढले आणि गुडघे सांभाळत सरळ अध्यक्षांच्या मेजापाशी गेल्या. ते सगळे त्यांच्या हातावर ठेवले.

"घ्या," त्या म्हणाल्या. "घशाला बरं असतं."

प्राध्यापकांनी मान लववली आणि अजूनही कुजबुजतच म्हणाले, "आभारी आहे, बाई."